कृश हरिणाची साक्ष : प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी विस्कॉन्सिन या संस्थानात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. आणि त्या नऊ दिवसांत शेतकरी, कारखान्यातील कामगार, शाळामास्तर, वकील असे सर्व थरांतील लोक खिशात परवाना घालून पांढऱ्या शेपटीच्या हरिणाच्या मागावर रानात उतरतात. तेथे शिकार हा राजेरजवाड्यांचा शौक राहिलेला नसून हिवाळ्याच्या बेगमीचा एक भाग झालेला आहे. एका पुष्ट हरिणाचे मांस शीतपेटीत भरून ठेवले, की एका कुटुंबाची कित्येक आठवड्यांची तजवीज होते. अशा वेळी पाडलेल्या जनावराजवळ जाऊन पाहावे, तो त्याच्या पाठीचा कणा कातडीखालून उठून दिसत आहे, बरगड्या एकेक मोजता याव्यात इतक्या वर आल्या आहेत आणि पुठ्ठे आत बसले आहेत असे आढळले, म्हणजे शिकाऱ्याच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, तोच या पुस्तिकेचा विषय होय : हे जनावर रोगी आहे की नुसतेच कृश आहे, आणि याचे मांस घरी न्यावे की नेऊ नये?

प्रश्न वरकरणी साधा दिसतो, पण त्याची जी दोन उत्तरे सर्रास ऐकू येतात, ती दोन्ही उतावळेपणाची आहेत. एक पक्ष म्हणतो, हडकुळे जनावर म्हणजे रोगी जनावर, ते खड्ड्यात लोटा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, रानात खायला मिळाले नसेल, मांस नीट शिजवले की सगळे दोष जातात. पहिल्या उत्तराने एका निर्दोष जनावराचा जीव फुकट जाण्याचा संभव असतो आणि दुसऱ्याने अनर्थाला वाट मिळण्याचा. परंतु या दोन पक्षांत दिसतो तितका विरोध नाही, कारण दोघांच्याही मुळाशी एकच गृहीत आहे, ते हे, की जनावराची काया पाहिली म्हणजे त्याच्या आरोग्याचा निकाल लागतो. प्रस्तुत पुस्तिकेचा सारा खटाटोप हे गृहीत मोडून काढण्यासाठी आहे. कृशता ही एक साक्ष आहे, निकाल नव्हे. ती नोंदवून घ्यावी, तिची उलटतपासणी करावी, आणि मुख्य म्हणजे शेजारचे पुष्ट हरिण जी उलट साक्ष देते तिच्यावरही तेवढाच अविश्वास दाखवावा, असे आमचे म्हणणे आहे.

उलटतपासणीचा आरंभ महिन्यापासून करावा लागतो. उत्तरेकडील थंड मुलुखातील हरिण उन्हाळा सरता सरता ओक वृक्षाची फळे आणि शेतातला मका, सोयाबीन यांवर ताव मारून अंगावर मेद चढवते, आणि पुढे हिमाने झाकलेल्या रानात तोच मेद जाळून दिवस काढते. त्यामुळे ऑक्टोबरच्या सुमारास ते आपल्या वैभवाच्या शिखरावर असते आणि मार्चमध्ये हाडांचा सापळा होऊन बसते. ही झाली सर्वसाधारण रीत. नराच्या बाबतीत तिच्यात आणखी एक भर पडते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर पूर्ण माजावर आलेले असतात. त्या काळात ते अन्नाकडे जवळजवळ पाठ फिरवितात, रात्रंदिवस माद्यांमागे धावतात, एकमेकांशी शिंगे भिडवितात, आणि या उन्मादाच्या अखेरीस आपल्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा गमावून बसतात. बंदुकीचा हंगाम नेमका याच्या पाठोपाठ येतो. तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाडलेला भरदार शिंगांचा नर जर पाठीमागून उतरलेला दिसला, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. तोच नर सप्टेंबरात तसा दिसला असता तर मात्र भुवई उंचावणे योग्य ठरले असते. एकाच शरीरस्थितीचा अर्थ दोन महिन्यांत असा पालटतो, म्हणून शिकाऱ्याने आपल्या टिपणवहीत पहिली नोंद तारखेची करावी, हा आमचा आग्रह आहे.

दुसरा प्रश्न वयाचा आणि लिंगाचा. उन्हाळाभर दोन पाडसांना पाजलेली मादी शरदात हाडकलेली असू शकते. तिच्या कासेत अद्याप दूध आहे काय, हे पाहिले की पुष्कळसा उलगडा होतो. वयासाठी तोंड उघडून दाढा पाहाव्या लागतात. न्यूयॉर्क संस्थानातील सेव्हरिंगहाउस यांनी १९४९ साली दातांची वाढ आणि झीज यांवरून या हरिणाचे वय ठरविण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तीच थोड्याफार फरकाने आजही रानोमाळ वापरली जाते. खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस पूर्ण वाढलेल्या हरिणाला सहा दाढा असतात. त्यांपैकी तिसरी, दुधाची असताना, तीन उंचवट्यांची असते आणि साधारण दीड वर्षाच्या सुमारास ती पडून तिच्या जागी दोन उंचवट्यांची पक्की दाढ येते, म्हणून केवळ ती एक दाढ पाहून जनावर कोवळे की जाणते हे सांगता येते. पुढे वर्षागणिक दाढांच्या कडा झिजत जातात, आणि अतिवृद्ध जनावराच्या दाढा हिरड्यांच्या पातळीपर्यंत घासून गुळगुळीत झालेल्या आढळतात. ज्याला चारा दळताच येत नाही, ते भरल्या शेतातही उपाशीच राहणार. त्याच्या कृशतेचे कारण रोगात न शोधता जबड्यात शोधावे. एखाद्या जनावराचा जबडा जुन्या मारामुळे मोडून वेडावाकडा जुळलेला असतो, एखाद्याच्या गालात चघळलेल्या चाऱ्याचा लगदा अडकून सडलेला असतो. हेही तोंड उघडणाऱ्यालाच दिसते.

तिसरी गोष्ट कळपाची. त्या टापूतील सगळीच हरणे उतरलेली असतील, तर दोष रानाचा असतो, जनावराचा नव्हे. ॲरिझोनातील कैबाब पठाराची कथा वन्यजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविली जाते : १९०६ मध्ये ते पठार संरक्षित झाले, हिंस्र श्वापदे मारून काढण्यात आली, हरणे अतोनात वाढली, आणि १९२४-२५ च्या सुमारास चारा खाऊन फस्त झाल्यावर ती उपासमारीने मेली. हरणांच्या संख्येविषयी आणि कारणांच्या तपशिलाविषयी पुढील पिढीतील अभ्यासकांनी पुष्कळ शंका उपस्थित केल्या, तरी जमिनीच्या कुवतीबाहेर वाढलेला कळप रोगावाचूनही झिजतो, हा धडा त्यातून उरलाच. याउलट सभोवतीची हरणे गुटगुटीत असताना एकटेच जनावर खंगलेले दिसले, तर त्याची हकिकत त्याच्या शरीरातच शोधणे भाग आहे.

शरीर उघडल्यावर पाहायचे ते मेदाकडे, आणि तेही क्रमाने. निसर्गाने मेदाची जी साठवण केली आहे ती खर्ची पडताना एका ठरावीक ओळीने पडते : पाठीवरचा आणि पुठ्ठ्यावरचा मेद प्रथम जातो, मग पोटातील आतड्यांभोवतीचा, नंतर मूत्रपिंडाभोवतीचा, आणि सर्वांत शेवटी अस्थिमज्जेतला. थेन रायनी यांनी न्यूझीलंडमधील तांबड्या हरणांचा अभ्यास करून १९५५ मध्ये मूत्रपिंडाभोवतीच्या मेदाचे वजन आणि खुद्द मूत्रपिंडाचे वजन यांचे प्रमाण हे देहस्थितीचे माप म्हणून सुचविले. त्याआधी १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चीटम यांनी मज्जेच्या रंगावरून आणि घट्टपणावरून उपासमारीची पायरी ओळखण्याची रीत लोकांपुढे मांडली होती. हातात रबरी मोजे घालून मांडीचे हाड फोडावे आणि आत पाहावे : सुस्थितीतल्या जाणत्या हरिणाची मज्जा पांढरट, घट्ट, मेणासारखी भरलेली असते, खंगत चाललेल्याची गुलाबी आणि मऊ, आणि ज्याने आपली शेवटची शिल्लकही खाऊन संपविली आहे, त्याच्या हाडातून तांबडा, पाणचट, थलथलता रस हलताना दिसतो. एक सावधगिरी मात्र राखली पाहिजे, ती ही, की पाडसाची मज्जा रक्तनिर्मितीत गुंतलेली असल्यामुळे स्वभावतःच तांबडी असते. तिच्यावरून उपासमारीचे अनुमान काढू नये. पाठ रिकामी पण मूत्रपिंडावर मेदाची जाड दुलई, असे आढळले तर जनावर नुकतेच उतरू लागले आहे. मज्जाही पाणावलेली असेल, तर ते बरेच दिवस झुरत होते. म्हणजे मेद आपल्याला कृशता किती खोल गेली आहे एवढे सांगतो; ती का आली, याविषयी तो मुका आहे.

ती का आली, याचा शोध अवयवांत घ्यावयाचा. कित्येकदा उत्तर चटकन हाती लागते : मागल्या हंगामातील बाणाचे पाते खांद्याच्या स्नायूंत रुतून राहिलेले असते आणि त्याभोवती पुवाची पिशवी जमलेली असते, किंवा मोटारीच्या धक्क्याने मोडलेला पाय गाठ धरून वाकडा जुळलेला असतो. माजाच्या काळात झुंजलेल्या नराच्या शिंगाच्या बुडाशी जखम होऊन तीतून जंतू कवटीत शिरतात आणि मेंदूत गळू होते. असे जनावर गोल गोल फिरते, माणसाला भीत नाही, आणि शिंगाच्या मुळाशी किंवा डोळ्याच्या कडेला पू दिसतो. खुरांकडेही पाहावे. चिलटांमार्फत पसरणाऱ्या रक्तस्रावी ज्वराने उन्हाळ्याच्या शेवटी हरणे पाणवठ्याजवळ मरून पडतात, हे तेथील शेतकऱ्यांस ठाऊक आहे. त्यातून जी वाचतात त्यांच्या खुरांच्या वाढीत खंड पडून भेगा उमटतात, खूर सोलवटतात, आणि दुखऱ्या पायांनी चरणे न जमल्यामुळे ती रोडावतात. हा रोग माणसाला होत नाही. मिशिगनच्या ईशान्य भागात मात्र १९९४ पासून गुरांचा क्षय रानटी हरणांत घर करून असल्याचे निष्पन्न झाले आहे. तेथे छातीचा पिंजरा उघडताच बरगड्यांच्या आतल्या अंगास किंवा फुप्फुसांवर वाटाण्याएवढ्या पिवळट गाठी दिसल्या, तर सुरी खाली ठेवून वन्यजीव खात्याला वर्दी देणे हेच कर्तव्य ठरते.

इथे एका उलट्या भ्रमाचाही उल्लेख केला पाहिजे. जे पाहून नवख्या शिकाऱ्याला शिसारी येते, ते बहुधा निरुपद्रवी असते. हरिणाचे डोके कापताना घशाच्या मागल्या पिशवीतून माशीच्या जाडजूड अळ्या वळवळत बाहेर येतात. कातडीवर काळ्या, केसरहित, चामखिळीसारख्या गाठी लटकताना दिसतात. महासरोवरांच्या प्रदेशात यकृत कापले तर पानासारखे चपटे कृमी सापडतात. हे सर्व दृश्य किळसवाणे खरे, परंतु त्या अळ्या आणि गाठी हरिणाला सहसा बाधत नाहीत, कृमींनी पोखरलेले यकृत टाकून दिले म्हणजे काम भागते, आणि यांपैकी कशानेही मांस अभक्ष्य ठरत नाही. घाण आणि धोका यांची फारकत करता येणे ही या विद्येतली पहिली पायरी. आणि जो रोग आज सर्वांत मोठ्या चिंतेचा विषय आहे तो तर डोळ्यांना मुळीच किळस आणीत नाही, ही तिची दुसरी आणि अधिक अवघड पायरी होय.

तो रोग म्हणजे हरिणवंशातील दीर्घकालीन क्षीणतेचा रोग. १९६७ साली कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथील एका संशोधनस्थळी कोंडून ठेवलेली म्यूल जातीची हरणे कारण कळल्यावाचून झिजून मरू लागली. पोषणात काही उणीव असेल, कोंडमाऱ्याचा परिणाम असेल, असे तर्क बरीच वर्षे चालले. पुढे एलिझाबेथ विल्यम्स या तरुण पशुविकृतिशास्त्रज्ञ बाईंनी त्या हरणांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा त्यांत छिद्रेच छिद्रे दिसली, आणि मेंढ्यांतील स्क्रेपी या जुन्या रोगाशी त्यांचे साम्य १९७८ मध्ये त्यांच्या ध्यानात आले; स्टुअर्ट यंग यांच्यासह त्यांनी ते १९८० मध्ये प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये कोलोरॅडोतील रानात मोकळ्या फिरणाऱ्या एका एल्कमध्ये, म्हणजे हरिणवंशातील एका मोठ्या जनावरात, तोच रोग आढळला. नोव्हेंबर २००१ च्या हंगामात विस्कॉन्सिनमध्ये मारलेल्या तीन हरणांत तो असल्याचे २००२ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले आणि मिसिसिपीच्या पूर्वेकडील मुलूख खडबडून जागा झाला. कॅनडातून आयात केलेल्या एल्कबरोबर तो दक्षिण कोरियात गेला. २०१६ मध्ये नॉर्वेच्या नूर्दफ्येल्ला डोंगरातील रानटी रेनडिअरमध्ये सापडला, आणि त्या सरकारने दोन हजारांहून अधिक जनावरांचा तो सबंध कळप मारून टाकण्याचा कठोर निर्णय घेतला.

या रोगाचे कारण जंतू नाही, विषाणूही नाही. शरीरात मुळातच असलेले एक प्रथिन विपरीत रीतीने दुमडते आणि शेजारच्या प्रथिनांनाही तसेच दुमडण्यास भाग पाडते. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये अशा प्रथिनास प्रायॉन हे नाव दिले, आणि प्रारंभी उपहास सोसलेल्या या कल्पनेबद्दल १९९७ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यात जीवच नाही ते मारता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातील उकळणे, भाजणे, तळणे यांनी प्रायॉन नष्ट होत नाहीत, आणि लाळेतून, मलमूत्रातून मातीत गेल्यावर तेथे ते वर्षानुवर्षे टिकतात. ‘शिजवले की सगळे जाते’ हे म्हणणे सर्वांत अधिक फोल ठरते ते इथे.

आता कृशतेशी या रोगाचा संबंध कसा आहे, ते नीट पाहावे. शेवटच्या अवस्थेतील जनावर खरोखरच भेसूर दिसते : मान खाली, कान ओघळलेले, पाय फाकलेले, तोंडातून लाळ गळते, वारंवार पाणी पिते आणि वारंवार मुतते, अंगावर मांस म्हणून राहत नाही. परंतु संसर्ग झाल्यापासून ही लक्षणे प्रकट होईपर्यंत बहुधा दीड ते दोन वर्षे लोटतात, आणि त्या सगळ्या काळात ते हरिण इतर हरणांसारखेच चरते, पळते, माजावर येते, मेद चढविते. शिकाऱ्यांनी आणून दिलेल्या ज्या हरणांत हा रोग सापडतो, त्यांतील बहुतेक पाहताना निरोगीच दिसत होती, हा सर्वत्रचा अनुभव आहे. याचा अर्थ असा, की रोगग्रस्त टापूत कृश हरिणाकडे संशयाने पाहून पुष्ट हरिण निःशंकपणे घरी नेणारा मनुष्य अर्धीच तपासणी करीत असतो. आणि अर्ध्या तपासणीने मिळणारे समाधान हे तपासणीच न करण्यापेक्षा घातक असते, कारण त्यामुळे पुढची शंका विचारण्याचेच कारण उरत नाही.

म्हणून अखेरचा शब्द प्रयोगशाळेचा. घशाच्या मागे, स्वरयंत्राच्या वरच्या अंगास, लसीकाग्रंथींची एक जोडी असते. प्रायॉन मेंदूत जमण्याच्या आधी बहुधा तेथे जमतात, म्हणून हरिणाचे शिर मानेच्या काही भागासह तपासणीच्या ठाण्यावर द्यावे लागते, आणि तेथील कर्मचारी त्या ग्रंथी काढून नमुना पाठवितो. अहवाल येण्यास सामान्यतः आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या अहवालाचे शब्द सावधपणे वाचावेत. रोग आढळला नाही, असे त्यात लिहिलेले असते. जनावर रोगमुक्त होते, असा दाखला तो देत नाही, कारण अगदी नुकता झालेला संसर्ग पकडीतून निसटू शकतो. माणसाला हा रोग झाल्याची एकही सिद्ध घटना आजवर नोंदलेली नाही. तथापि इंग्लंडातील वेड्या गाईंच्या रोगाचा माणसाशी संबंध १९९६ मध्ये उघडकीस आला, ती आठवण ताजी असल्यामुळे अमेरिकेच्या आरोग्यखात्याची शिफारस स्पष्ट आहे : रोगग्रस्त टापूतले हरिण तपासून घ्यावे, रोग निघालेल्या जनावराचे मांस खाऊ नये, आणि जे जिवंतपणीच लडखडताना दिसते त्यावर गोळी झाडू नये, त्यास हातही लावू नये.

मराठी वाचकापुढे हा विषय मांडण्याचे प्रयोजन काय, अशी पृच्छा होईल. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हरिणाची शिकार हा गुन्हा ठरविला आहे, आणि या रोगाची भारतात नोंदही नाही. ताडोब्यातले हाडकलेले चितळ दिसले तर ते वनखात्याच्या कानावर घालण्यापलीकडे सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध येत नाही. परंतु अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. त्यांच्यापैकी काहींची मुले परवाने काढून शिकारीस जातात, आणि न जाणाऱ्यांच्याही दारी नोव्हेंबरअखेर शेजारी प्रेमाने मांसाचे पुडके आणून देतो. शिवाय हा विचार आपल्या परंपरेला परका आहे असेही नाही. चरकसंहितेने मृगमांसांत एण या हरिणाच्या मांसास श्रेष्ठत्व दिले खरे, परंतु त्याच संहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधीच्या अध्यायात त्याज्य मांसाचीही यादी दिली आहे : आपोआप मेलेल्याचे, कृशाचे, अतिमेदस्वी जनावराचे, वृद्धाचे, अगदी कोवळ्याचे, विषाने मेलेल्याचे, आपल्या स्वाभाविक भूमीबाहेर पोसलेल्याचे आणि श्वापदाने मारलेल्याचे. कृश आणि अतिमेदस्वी या दोहोंस एकाच पंक्तीत बसविणाऱ्या त्या आचार्यांस प्रायॉनची कल्पना असणे शक्य नव्हते. परंतु ताटात पडलेल्या मांसाविषयी ते जनावर कोठे वाढले, कसे जगले आणि कशाने मेले, हे आधी विचारावे, ही त्यांची शिस्त आजही उपयोगी पडावी अशी आहे.

पुढील प्रकरणांचा क्रम याच शिस्तीने लावला आहे : प्रथम बाहेरून पाहणे, मग तोंड आणि खूर, मग मेद, मग अवयव, आणि शेवटी नमुना पाठविण्याची रीत. वाचकाने तो क्रम मोडू नये. रबरी मोज्यांवाचून सुरी धरू नये. मेंदू, पाठीचा मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि लसीकाग्रंथी यांना धक्का न लावता, कणा करवतीने न कापता, हाडांवरून मांस सोडवून घ्यावे. अहवाल येईपर्यंत प्रत्येक जनावराचे मांस वेगळ्या पुडक्यांत, त्यावर शिराचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवावे, आणि कसायाकडे दिले तर दुसऱ्याच्या हरिणात ते मिसळू नये अशी ताकीद द्यावी. रोग आढळल्याचे उत्तर आले, तर हरिण कितीही तुकतुकीत असले तरी ते मांस खात्याच्या सूचनेप्रमाणे नष्ट करावे. आणि रोग आढळला नाही, पोटात पू नव्हता, छातीत गाठी नव्हत्या, दाढा झिजलेल्या होत्या आणि महिना नोव्हेंबरचा होता, तर केवळ बरगड्या दिसत होत्या म्हणून ते टाकूनही देऊ नये.